डुलकीमामा आणि बेकरीची व्हॅन

माझे मामा गाडीचं दुखणं झोपेत ओळखायचे. थट्टा नाही करत. बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडून कान टवकारतात; मामा मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे व्हायचे, मामी गाडी चालवायची आणि मामांना डुलकी लागायची. "जागा माणूस ऐकता ऐकता मनात बोलत असतो," ते म्हणायचे. "पेंगलं की मन गप्प बसतं. मग गाडी बोलते." थोड्या वेळाने डोळे न उघडताच सांगायचे, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. चल गं परत." आणि बेअरिंगच निघायचं! गिऱ्हाइकं हसायची, डुलकीमामा म्हणायची, पण गाडी आमच्याकडेच आणायची.

मामी गेली आणि मामांच्या डोळ्याला डोळा लागेना. ना रात्री, ना दुपारी. स्टिअरिंगवर तिच्या जागी मी बसू लागले. मामा मागे पडून छताकडे बघत मला सूचना करायचे. क्लच सोड, खड्डा बघ, ब्रेकवर काय उभी राहतेस. मी वैतागायचे. मामीला हा माणूस कधी एक शब्द बोलला नव्हता! मग मामा काहीतरी अंदाजाने सांगायचे आणि ते चुकायचं. एका शिक्षिकेच्या गाडीचं धडधाकट इंजिन आम्ही उगाच खोललं. बाई पुन्हा आल्या नाहीत.

अशात बेकरीवाला त्याची व्हॅन घेऊन आला. व्हॅन माझ्याहून वयाने मोठी. उभी असताना कितीही रेस करा, वेगळा आवाज म्हणून नाही. चढाला लागली की मात्र खालून कुणी दार ठोठावतंय असं ठक-ठक-ठक. इंजिन गेलंय, भंगारात द्या, असं त्याला दुसरीकडे सांगून झालं होतं. निघताना मामा हात पुसत म्हणाले, "हेही जमलं नाही तर बास झालं. शटर ओढू. तू कुठेतरी चांगलं काम बघ." जेवायला चल म्हणावं इतक्या सहज म्हणाले.

व्हॅनला मागे सीट नव्हती. मामा रिकाम्या पोत्यांवर आडवे झाले. पाव भाजल्याचा वास पत्र्यात मुरलेला. मागच्या काचेतून दुपारचं ऊन आत येत होतं आणि त्यात पिठाचे कण तरंगत होते, वर जात, खाली येत, कुठेच न टेकता. रस्ते रिकामे होते. शिंप्याच्या दुकानात शिंपी मशीनवर डोकं टेकून पडला होता. एका गॅलरीत वाळत घातलेली चादर फुगायची आणि बसायची. मी किती वेळ, कुठून कुठे गेले, मला सांगता येणार नाही. हात आपोआप वळत होते. घरं, झाडं, भिंती हळूहळू मागे सरकत होत्या, आणि मला वाटत होतं की आम्ही उभेच आहोत आणि गावच आमच्या बाजूने वाहतंय.

पाण्याच्या टाकीकडचा चढ लागला. ठक-ठक-ठक. पाय उचलला, आवाज गेला. पाय दाबला, पुन्हा आला. आणि या खेपेला तो मला तळपायाला जाणवला. अरे, हे इंजिनाच्या आतलं नाहीच! इंजिन ज्या रबरावर बसतं ते रबर कुजलंय. चढावर जोर लागला की अख्खं इंजिन कलतं आणि सायलेन्सरचा पाइप गाडीच्या तळाला आपटतो. जुनं रबर काढायचं, नवं घालायचं, संपलं. इतकं लख्ख मला आजवर कधीच काही कळलं नव्हतं. कळलं कसं? मागून कुणी सूचना करत नव्हतं, म्हणून मीही मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत नव्हते.

"मामा, सापडलं!" असं ओरडण्यासाठी मी आरशात पाहिलं.

मामा झोपले होते. ती त्यांची कामाची डुलकी नव्हती. तोंड उघडं, चष्मा गालावर घसरलेला, एक हात पोत्यावरून खाली लोंबकळत होता. ठकठक त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. वर्षभर त्या चेहऱ्यावर मी ताठ बसलेलं काहीतरी पाहत आले होते. ते सुटलं होतं. मला रडू आलं. स्टिअरिंगवर असताना रडणं बरं नाही, म्हणून मी नाक पुसून पुढे बघितलं.

चढ सोडून मी सपाट रस्ता धरला. बेकरीवाल्याचा फोन आला, मी घेतला नाही. गाडी त्याची, पेट्रोलही त्याचंच, काय म्हणायचं ते म्हणू दे. आवाज न करता, एकाच चालीने, मी जात राहिले. ऊन उतरलं. दुकानं उघडू लागली. गॅरेजकडे जाणारं वळण समोर आलं तसे मामा मागे जरा हलले.

"सापडलं का गं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं. मला विचारलं की मामीला, कोण जाणे.

"नाही अजून," मी म्हटलं. "पडून राहा तुम्ही."

आणि मी सरळ निघून गेले.