रात्री जेवता का?

माझी सून पीएचडी करते. म्हणजे नेमकं काय, ते मला पहिली दोन वर्षं कळलंच नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली. एकदा कणीक मळताना तिने सांगितलं. लालबाग-परळच्या चाळींतल्या म्हाताऱ्या माणसांना खाणंपिणं, औषधं, चालणं-पडणं असलं सगळं विचारायचं. ती उत्तरं कॉम्प्युटरमध्ये घातली की पुढच्या वर्षभरात कोण खंगून अंथरूण धरणार ते प्रोग्रॅम आधीच सांगणार.

मी म्हटलं, "आमच्या गावचा भगत हेच सांगतो. त्याला कोंबडा लागतो, तुला वीज लागते."

"भगताचं चुकलं तर तो दुसरा कोंबडा मागतो, आई. माझं चुकलं तर डिग्री जाईल."

ती गिरगावच्या फणसवाडीतल्या शिकलेल्या घरातली. उलट बोलते, पण तोंडावर बोलते. म्हणून आमचं जमतं.

आणि चुकलंच. प्रोग्रॅमने आमच्या चाळीतल्या, आमच्या बाजूच्या बायकांची लांबलचक यादी काढली, या सगळ्या खंगणार म्हणून. वर्ष सरलं. यादीतल्या बायका पाणी भरत होत्या, जिने चढत होत्या, नळावर भांडत होत्या. तिच्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, चूक कुठे आहे ते महिनाअखेर दाखव, नाहीतर हा भाग प्रबंधातून काढ. तो काढला तर मागे काही उरत नव्हतं. आठ दिवस ती लॅपटॉपसमोरून हलली नाही. घरात हळू बोलायचं ठरलं, जे मला जमत नाही.

एका दुपारी ती फॉर्म चाळत होती, मी लसूण सोलत होते. फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. मध्येच तिने मान वर केली.

"बाई, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन. आणखी काही सांगायचंय का, तर म्हणे 'प्रश्न फार आहेत'. या तुम्हीच ना?"

"असेन."

"रात्री जेवता का, याला तुम्ही 'नाही' म्हणालात?"

घरच्या माणसाला तिने स्वतः विचारायचं नाही असा त्यांचा नियम. माझा फॉर्म दुसऱ्या बाईने भरला होता.

"नाहीच जेवत. साखर वाढल्यापासून डॉक्टरांनी बंद केलंय."

"मग काल तीन चपात्या आणि वालाची उसळ कोणी खाल्ली?"

"चपात्या खाल्ल्या. जेवले कुठे?"

"म्हणजे?" तिने विचारलं. मग मलाच सांगावं लागलं. आम्हा कोकणातल्या माणसांत जेवण म्हणजे भात. भाकरी-चपाती खाल्ली तर ते खाणं, जेवण नव्हे. हे कुणाला समजावून सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. "मी जेवत नाही, चपातीच दे," असं मी रोज म्हणते आणि ती रोज वाढते. शब्द दोघींच्या कानांवरून गेला होता.

तिने लॅपटॉप मिटला आणि मला उठवलं. आम्ही शेजारणीकडे गेलो. तिला मी तोच प्रश्न तसाच विचारला.

"रातीचा खय जेवतंय?" शेजारीण म्हणाली. "डॉक्टरान भात बंद केल्यान. दोन भाकऱ्यो खातंय नि निजतंय. तुझ्या सुनेक दुसरा काम नाय?"

सून हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

प्रोग्रॅमने आम्हा सगळ्यांना रात्री उपाशी धरलं होतं. मग तिने प्रश्न बदलला. काल रात्री काय खाल्लं, एवढाच. पुन्हा घरोघर फिरून नवी उत्तरं घातली. आमच्या बाजूची यादी आटून एका बाईवर आली. ती शेवटच्या खोलीतली. जेवत नाही असं तिनेही सांगितलं होतं, आणि ते खरं होतं. तिची कवळी मोडली होती. मुलाला खर्चात कशाला पाडा म्हणून ती बोलली नव्हती. रात्री चहा प्यायची आणि पडून राहायची. आमच्या सगळ्यांच्या 'नाही'त तिचं 'नाही' कुणाला ऐकू आलं नव्हतं. भिंतीला भिंत लागून मी चाळीस वर्षं राहते, मलाही नाही. सुनेने तिच्या परवानगीने मुलाला सांगितलं. पंधरा दिवसांत नवी कवळी आली.

मार्गदर्शक बाईंनी तो भाग ठेवायला सांगितलं. ही चूकही त्यात सविस्तर लिही म्हणाल्या. सून घरी आली ती खांद्यावरची पर्स न काढता जमिनीवर बसली. "राहिलं, आई," एवढंच म्हणाली आणि तिथेच आडवी झाली. संध्याकाळी सातपर्यंत झोपली होती. मी कुकर लावला नाही. शिट्टीने जागी झाली असती.