चंदेरी कागदातली नळी

राजूरच्या स्टँडवरून एसटी हलली तेव्हा धाकट्या भावाची मुलगी सुमन माझ्याशेजारी खिडकीशी बसली होती. माझी आई खालून खिडकीचा गज धरून चालत होती. "लेकराला पालेभाजी घाल रं, नुस्त्या चहा-पावावर ठिवू नगं." मी उत्तर दिले, नगरात सर्व काही मिळते. पोचवायला आलेल्या भावबंदांनो, हे मी तुम्हां सर्वांसमक्ष बोललो होतो.

पुतणीस शहरात शिकवावे, हा निर्णय माझाच. माझे शिक्षण सातवीपर्यंतच असले तरी कोर्टाबाहेर मी अर्ज लिहितो आणि वकीलही माझ्या मसुद्यास हात लावीत नाहीत. गावी ती रानातली भाजी, पिकली पपई खात असे. येथे बिस्किटांची सवय जडली, त्यात पावसाळाभर जुलाब. पुढे दिवेलागणीला समोरचा तांब्याही तिला चाचपून शोधावा लागू लागला.

दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे रातांधळेपण. अ जीवनसत्त्व घटले असावे. त्याचा साठा यकृतात असतो आणि तो सरत आल्यावरच रक्तात उणीव दिसते. औषधाआधी मोजणीसाठी रक्त काढले आणि चंदेरी कागदात गुंडाळलेली नळी शेजारच्या रक्ततपासणीच्या खिडकीवर देण्यास माझ्या हाती सोपविली. नळीवरचे नाव तपासणे मी माझे कर्तव्य समजलो. कागद उलगडला आणि स्टॅम्पपेपरचे जलचिन्ह पाहावे तशी नळी उन्हात धरून उभा राहिलो.

"ओ काका, स्टॅम्प हाय का तो?" खिडकीतली मुलगी ओरडली. "उजेडानं त्यातलं जीवनसत्त्व मोडतं! परत काढावं लागंल रक्त."

दुसरा हात पुढे करीत सुमन म्हणाली, "तात्या, आता तुमचंच द्या की."

दुसऱ्यांदा रक्त काढून झाल्यावर जीवनसत्त्वाचा डोस दिला. काही दिवसांत फरक पडला नाही, तर अंग औषध धरत नाही असे समजून पुढील तपास, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. अहवाल पुण्याहून यावयाचा आहे. भाऊ फोनवर विचारतो, "दादा, दिसतंय का पोरीला? न्हाई तर आनून सोडा घरी." मी "प्रकरण विचाराधीन आहे" म्हणतो आणि फोन ठेवतो.

नगरात मला मान आहे, खुर्ची आहे. परंतु घर म्हणजे, जेथे अंधार पडताना सुमनला भिंत धरावी लागणार नाही ते, एवढेच आता मला कळते. आज दिवा न लावताच मी तिला हाक मारली. ती आली. हात भिंतीवरच होता. मात्र काल-परवापर्यंत सारा तळवा टेकत असे, आज बोटांची टोकेच तेवढी टेकलेली होती.