चौथ्या दिवशीचं पाणी

आमच्या सासूबाईंना पाण्याचं भारी वेड. कुणाचा विटाळ झाला, टाक पाणी. भाजीवाली उंबऱ्याला हात लावून गेली की उंबऱ्यावर पाणी, आणि तो उंबरा ओलांडून आत आलेल्या सुनेच्या हातांवरही पाणी! कल्याणला आमच्या परसातली विहीर खाडीच्या अंगाची, मचूळ. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी त्या पाण्यातच काढली म्हटलं तरी चालेल. पहाटे अंघोळ करून ओल्या लुगड्यानेच स्वयंपाकाला लागायचं, मग राखेने भांडी, रिठ्याने धुणं, शेणाने जमीन. आणि दर कामामागे हात धुवायचे. धुवायचे म्हणजे राख घेऊन खसाखसा.

सतराव्या वर्षी माझ्या बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले. ते तळहातावर उतरले, भेगा पडल्या, लस वाहू लागली. खाज तर अशी सुटे की वाटे, मेले हे हात तोडून विहिरीत टाकून द्यावेत! वैद्यबुवा आले, लांबूनच बघून म्हणाले, इसब आहे. त्यांनी वांगं बंद केलं, आंबट बंद केलं, मीठसुद्धा बंद केलं. दिवसभर हे हात कशात असतात, एवढं मात्र त्यांनी विचारलं नाही. कसं विचारणार? त्यांच्या घरची भांडी ते थोडेच घासत होते!

सासूबाईंचं निदान निराळं. "हात नीट धूत नाहीस तू," त्या म्हणाल्या. मग कडुलिंबाचं कढत पाणी सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ. जितकं धुवावं तितकं चिघळे, आणि जितकं चिघळे तितकं आणखी धुवायला लावीत. स्वयंपाकघरातून मला काढलं, कारण लस वाहणाऱ्या हातांचं अन्न देवाला कसं चालेल? भांडी आणि धुणं तेवढं माझ्याकडे राहिलं. ते बरं चालत होतं!

शेजारणी कुजबुजू लागल्या, महारोग तर नसेल ना? ते सासूबाईंच्या कानी गेलं. त्या दिवशी ठाण्याच्या कचेरीतून स्वारी आगगाडीने परत आली, पाय धुऊन पाटावर बसली, आणि मी दाराआड असताना सासूबाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघते. हात असेच राहिले तर हिला माहेरी पोचवून ये. पनवेलची एक मुलगी सांगून आली आहे." इकडून फक्त "बरं" असं म्हणणं झालं. त्या 'बरं'चा अर्थ काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

आता खरी गंमत सांगते. महिन्याचे ते तीन दिवस मी मागच्या पडवीत बाजूला बसत असे. अंघोळ नाही, कामाला हात लावायचा नाही, प्यायचं पाणीही वरून ओतणार. पानावर लांबूनच भात पडे, त्यावर तुपाची धार. एकदा आग सोसवेना म्हणून भातावरचं तूप निपटलं आणि तळहातांना चोळलं. तिसऱ्या दिवशी हात उन्हात धरून बघते तर काय! भेगा मिटल्या होत्या, लाली उतरली होती. मी पडवीत एकटीच हसले. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, भांड्यांच्या राशीपुढे बसले, आणि संध्याकाळपर्यंत हात पुन्हा फुटले.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. बाकीच्या बायका ज्या दिवसांना कंटाळतात, त्यांची मी बोटं मोजून वाट बघू लागले. पण सांगणार कुणाला? सोवळ्याने हात सडतात आणि विटाळात बरे होतात, हे सुनेने सासूला सांगायचं? घरात राहू दिलं असतं का मला? एकदा खोटंही बोलून पाहिलं. चौथ्या दिवशी म्हटलं, अजून आहे. पाचव्या दिवशीही तेच. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता हेही दुखणं का? मग पनवेलला दिवाळीची वाट कशाला बघायला लावू?" सहाव्या दिवशी मी मुकाट्याने विहिरीवर गेले.

आणि दिवाळीच्या आधीच मला दिवस गेले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. सगळे आनंदात, आणि मी मोरीत बसून ढसाढसा रडले. आता नऊ महिने बाजूला बसणं नाही! पनवेलचं बोलणंही मोडलं नव्हतं, नुसतं पुढे गेलं होतं. "बाळंत होऊन येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "हात असेच असले तर मूल आम्ही वाढवू. हिनं माहेरीच राहावं."

सातव्या महिन्यात मी ठाण्याला नौपाड्यात माहेरी गेले. मुलगा झाला. बाळंतिणीच्या खोलीत कोण काम सांगतंय? सुईण रोज कोमट खोबरेल चोळायची, हातांनाही. महिन्याभरात माझे तळवे लहानपणीसारखे मऊ झाले. न राहवून मी आईला सगळं सांगितलं. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माझ्यापाशी बोललीस ते बोललीस. तिकडे हे तोंडातून काढलंस तर पोराला मुकशील." आणि तिने आपले तळवे माझ्यापुढे धरले. जुन्या भेगांचे पांढरे वण होते. इतकी वर्षं त्या हातांनी मला जेवू घातलं, आणि मी ते कधी बघितलेच नव्हते. मला स्वतःची लाज वाटली.

तीन महिन्यांचं बाळ घेऊन मी कल्याणला आले. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, नातू घेतला, आणि मग माझे हात हातात घेतले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. उलटे केले, सुलटे केले. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"देवानं ऐकलं गं माझं! तू इथे नव्हतीस तर रोज तुझ्या नावाने तुळशीला पाणी घालत होते मी." मग आत बघून म्हणाल्या, "पनवेलला नाही म्हणून कळव रे." आणि पुन्हा माझ्याकडे वळून, "उद्यापासून देवाचा नैवेद्य तुझ्याकडे. पहाटे अंघोळ करून ओलेत्यानेच करत जा, सोवळं नीट सांभाळ, म्हणजे हात असेच राहतील."

किती मायेनं बोलत होत्या त्या! शिव्या दिल्या असत्या तर एखादे वेळी तोंड उघडलं असतं मी. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी विहिरीतून पहिला पोहरा ओढला. आत बाळ भुकेने रडत होतं, आणि सासूबाई त्याला मांडीवर हलवत समजावत होत्या, "उगी हं, आई आत्ता येईल. हात धुऊन येईल."