लास व्हेगास आणि त्यापलीकडचं लाल खोरं

"थँक्सगिव्हिंगला सुट्टी आहे. व्हेगासला जाऊ या?" अविनाशने विचारलं तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. त्याने ते इतक्या सावधपणे विचारलं, की मीही तितक्याच सावधपणे "चालेल" म्हटलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं लग्न कोल्हापूरला झालं. कांदेपोहे, साखरपुडा, लग्न, सगळं त्याच्या एका सुट्टीत उरकलं आणि तो लॉस एंजेलिसजवळच्या त्याच्या नोकरीवर परतला. माझा व्हिसा यायला वर्ष गेलं. मी आले तेव्हा विमानतळावर ज्या माणसाने माझी बॅग उचलली, तो मला फोटोतल्या माणसासारखा दिसत होता, एवढंच. कोल्हापुरात मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. तो सकाळी निघाला की अपार्टमेंटमध्ये मी आणि फ्रिजची घरघर. मला परत जायचं होतं. हे त्याला कसं सांगायचं, ते कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी निघालो. काचेच्या बाटलीने लाटलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि थर्मासभर चहा. तुम्ही जाणार असाल तर शाकाहारी माणसाने आजही डबा सोडू नये, वाटेत बर्गरशिवाय फारसं काही नाही. डोंगर ओलांडून फ्रीवे खाली उतरला आणि वाळवंट सुरू झालं. मला वाटलं होतं पिवळी वाळू असेल. हे वाळवंट राखाडी, जांभळं, मध्येच हिरवट होतं. जोशुआ नावाची झाडं हात वर करून उभी. रस्ता सरळ क्षितिजात घुसत होता आणि गाडी चालते आहे की जागेवरच तरंगते आहे, तेच कळेना.

बेकर गावाच्या पुढे मोठा चढ आहे. तिथे आमच्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तसा अविनाशने हीटर पूर्ण चालू केला. इंजिनाची उष्णता अशी आत ओढून घेतात, असं त्याने समजावलं. मग आम्ही दोघं खिडक्या उघड्या टाकून, घामाने निथळत, पुऱ्या खात तो चढ चढलो. मला हसू येत होतं, पण त्याच्यासमोर मोठ्याने हसण्याची सवय नव्हती.

उजेड मावळता मावळता व्हेगास दिसलं. आधी काहीच नव्हतं, आणि मग त्या अंधारलेल्या सपाटीवर कुणी रत्नांची पेटी उलटी केल्यासारखं शहर पसरलं. तेव्हा स्ट्रिपवर, म्हणजे तिथल्या मुख्य रस्त्यावर, दोन हॉटेलांच्या मध्ये मोकळी जमीन असायची. दिव्यांच्या धबधब्यातून चालावं, मग थोडा अंधार आणि वाळवंटाचा थंड वारा, मग पुन्हा दिवे. खोली स्वस्त मिळाली, कारण मालकांचं लक्ष आपल्या खिशाकडे खालच्या मजल्यावरच्या कॅसिनोत असतं. त्या मजल्यावर खिडकी नाही, घड्याळ नाही. गालिच्यावरून माणसं झोपेत चालल्यासारखी फिरत होती आणि नाण्यांचा खळखळाट सतत चालू. शेजारच्या मशीनवर घरच्या सपाता घालून बसलेल्या एका आजीबाईंनी मला बजावलं, की हँडल हळू ओढायचं, मशीनला घाई आवडत नाही. मी हळू ओढलं. काही पडलं नाही. आजींना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बफेत चार डॉलरांत पोटभर जेवण होतं. मी उकडलेले बटाटे, पाव, सॅलड आणि ॲपल पाय घेतला. कॉफी ओतता ओतता वेट्रेसने विचारलं, "हनिमून का?"

अविनाश म्हणाला, "हो." त्याच क्षणी मी म्हणाले, "नाही."

ती बाई आम्हा दोघांकडे बघत राहिली आणि पायचा आणखी एक तुकडा न मागता ठेवून गेली.

शनिवारी हूवर धरण. आता पलीकडे नवा पूल झालाय, तेव्हा सगळी वाहतूक धरणावरूनच जायची. एका बाजूला नेव्हाडा, दुसऱ्या बाजूला ॲरिझोना, आणि हिवाळ्यात दोन्हींच्या वेळेत तासाचा फरक. दोन मनोऱ्यांवरची दोन घड्याळं खरोखरच वेगवेगळी वेळ दाखवत होती. लिफ्टने खाली टर्बाइन बघायला गेलो आणि अविनाशला कंठ फुटला. मी आल्यापासूनच्या तीन महिन्यांत बोलला नसेल इतकं तो त्या अर्ध्या तासात बोलला. मी टर्बाइनपेक्षा त्याच्याकडेच बघत होते.

तिथून लेक मीडच्या कडेकडेने उत्तरेला जाणारा रस्ता घ्या, हायवे नको. निळं पाणी आणि उघडेबोडके डोंगर बघत दुपारी व्हॅली ऑफ फायरला पोचलो. लाल दगडांचं खोरं. वाऱ्याने कोरलेले खडक, भोकं पडलेले, वळलेले, गोठलेल्या ज्वाळांसारखे. उन्हं कलली तसे ते आतून पेटल्यासारखे दिसू लागले. आवाज म्हणून नव्हता. माझ्याच बांगड्यांचा आवाज मला मोठा वाटायला लागला. आम्ही एका खडकावर बसलो आणि त्या शांततेत माझ्या तोंडून निघून गेलं.

"मला परत जायचंय. कोल्हापूरला."

तो म्हणाला, "तुला बघायला आलो तेव्हा मी सगळं विचारलं. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. तुला इथे यायचं आहे का, हे नाही विचारलं. जायचं असेल तर मी पोचवायला येईन. तुझ्या घरी मीच सांगेन. तुला कुणी बोल लावणार नाही."

मी त्याच्या रागाची तयारी करून बसले होते, समजुतीचीही. ह्याची नव्हती. मी विचारलं, "मग इतके दिवस गप्प का होतास?" विचारल्यावर लक्षात आलं, मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. त्याच्याही लक्षात आलं.

"भीती वाटायची," तो म्हणाला. "तू हेच म्हणशील म्हणून."

तेवढ्यात वरच्या कड्यावर रानमेंढ्यांचा कळप आला. वळलेल्या शिंगांचा एक मेंढा आमच्याकडे निवांत बघत होता. आम्ही श्वास रोखून बसलो. ते गेल्यावर मी त्याला सांगितलं, की मला पुन्हा प्रयोगशाळेत उभं राहायचंय. तो म्हणाला, नोकरी करता येत नसली तरी शिकता येतं, सोमवारी युनिव्हर्सिटीत चौकशीला जाऊ. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. परतताना गाडीत मात्र मी त्याला माझ्या बॅचच्या मुलींनी केलेल्या स्फोटाची गोष्ट सांगितली आणि तो इतका हसला, की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

रविवारी पहाटेच निघा. दुपारनंतर सगळं लॉस एंजेलिस त्या एका रस्त्यावर असतं. आम्ही उशिरा निघालो, तासन्‌तास अडकलो, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

सोमवारी आम्ही चौकशीला गेलो. पुढे मी तिथेच एम.एस. केलं आणि नंतर वीस-बावीस वर्षं एका लॅबमध्ये काढली. व्हेगास त्यानंतर अनेकदा पाहिलं, पाहुण्यांना दाखवलं. ते मोठं होत गेलं, मोकळ्या जागा बुजल्या, पण माझ्या आठवणीत ते अजून अंधारात तरंगतंय.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी घरी पोचलो तेव्हा अपार्टमेंट गार पडलं होतं. अविनाशने हीटर लावला आणि चहा टाकला. मी पलंगाखालून माझी दुसरी बॅग ओढून काढली. कोल्हापुरात आईने बांधलेले दोर तिच्यावर तसेच होते. मी ते सोडले आणि पोळपाट-लाटणं काढून ओट्यावर ठेवलं.