गावाचं नाव

अकोट्याच्या पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर तो परदेशी विद्यार्थी रोज संध्याकाळी ट्रान्झिस्टर घेऊन येई. त्याच्या देशात लष्कराचं राज्य होतं, घरची पत्रं थांबली होती. बातम्या लागल्या की टपरीवाले काका घरघरणारा स्टोव्ह बंद करत आणि आम्हाला गुजरातीत दटावत, "चूप बेसो!"

बातम्या संपल्यावर तो म्हणे, "आज भी मेरे गाँव का नाम नहीं आया."

"बरंच झालं," मी एकदा शहाणपणानं म्हणालो. "नाव आलं म्हणजे तिथं धरपकड झाली."

"मालूम है. फिर भी किसी के मुँह से सुनना है."

एके दिवशी नाव आलं. घरून हाक आल्यासारखा तो आधी हसला. मग त्यानं ट्रान्झिस्टर छातीशी दाबून धरला.

काकांनी त्या संध्याकाळी स्टोव्ह पुन्हा पेटवला नाही.