वहीतलं दुसऱ्याचं अक्षर

मंडळी, दुपारपासून कुणाशी धड बोललो नाही, म्हणून इथं लिहितोय.

मी धारूरला नववीला इंग्रजी शिकवतो. काल गृहपाठाला दहा वाक्यं दिली होती, त्यातली अधोरेखित फ्रेज नाउन की प्रिपोझिशनल ते ओळखायला. आज एका मुलीच्या वहीत खालची पाच उत्तरं वेगळ्याच अक्षरात दिसली. तिला वर्गासमोर उभं केलं.

"दुसऱ्याकडून लिहून घेतेस, लाज वाटत नाही?"

ती वही घेऊन जागेवर जाऊन बसली.

शाळा सुटल्यावर तिची आई वही घेऊन आली. मला वाटलं, आता भांडणार.

"सर, ते मी लिवलंय. माझी शाळा आठवीतच सुटली. आता पोरगी शिकविती रोज. तिला नका बोलू." मग वही पुढं करून हळूच म्हणाली, "किती बरोबर आलेत?"

अक्षर बघूनच मी वही मिटली होती. उत्तर एकही वाचलं नव्हतं.

उभ्याउभ्याच तपासली. पाचातली चार बरोबर होती.

मुलीला बोललो ते सगळ्या वर्गासमोर. माफी मात्र तिला एकटीला बोलावून मागावी, असं मनात येतंय. तुमच्याही मनात आलं असतं का?