आत्याच्या नावाचा तांदूळ

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी ग्रीक तत्त्वज्ञान घेतलं आणि घरच्यांचं डोकं खायला लागले. आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत कुणी दाढी करत असो की भांडी घासत असो, माझा प्रश्न तयारच. समजा, तुम्हाला एक अंगठी मिळाली, बोटात घातली की तुम्ही कुणाला दिसणारच नाही, मग चोरी कराल की नाही? माणूस मुळात चांगला असतो, की कुणी बघतंय म्हणून चांगला वागतो? वडील गालाला फेस लावून म्हणाले, "आधी अंगठी तर आण!"

पण माझा खरा जीव जडला होता अथेन्सच्या त्या म्हाताऱ्यावर. अन्यायानं मरणाची शिक्षा झाली, मित्रांनी तुरुंगातून पळवायची सगळी तयारी केली, तर हा म्हणतो, ज्या राज्याच्या कायद्याखाली जन्मभर राहिलो, तो आज माझ्या सोयीचा नाही म्हणून मोडू? आणि शांतपणे विष प्याला. हे सांगताना मला रडू फुटलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं, "बायकापोरं होती का गं त्याला?"

"होती की. तीन मुलगे."

"मग पुढे त्यांनी काय खाल्लं, ते लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

अस्सा राग आला मला! या घरात शहाण्या माणसानं तोंड उघडू नये, असं म्हणून मी बाहेर जाऊन बसले.

खरं तर ती निवडत होती त्या तांदळातही खोट होती. तेव्हा धान्य रेशनवर मिळायचं, माणशी मोजून. आमची आत्या वारून चार महिने झाले होते, तरी कार्डावर तिचं नाव होतंच. नाव कमी करायचा अर्ज वडिलांनी लिहिला होता, पण दिला नव्हता. कारण काकू. वडिलांचा चुलतभाऊ गिरणीत कामाला होता, तो गेला आणि त्याची ही बायको कोकणातून मुंबईत आली ती आमच्याकडे. औषधाच्या कारखान्यात तिला बाटल्या धुवायचं काम मिळालं. दोन मुली गावी जावेकडे होत्या. त्यांना आणून इथल्या शाळेत घालायचं, एवढंच तिच्या मनात. पण नव्या कार्डाला घरमालकाची चिठ्ठी हवी आणि आमचा खडूस मालक ती देईना. तोवर काकू आत्याच्या नावावर जेवत होती. इन्स्पेक्टर आलाच तर "मीच ती" म्हणायचं, असं आईनं तिच्याकडून वयासकट घोकून घेतलं होतं.

मला ते सहन होत नव्हतं. पण काकूशी मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त मनाशी ठरवलं, वेळ आली तर मी खोटं बोलणार नाही. स्वतःवर भलतीच खूष होते मी.

वेळ आलीच. दुपारी आई बाजारात, वडील ऑफिसात, काकू सकाळची पाळी करून नुकतीच परतलेली. इन्स्पेक्टर दारात उभा राहून कार्डावरची नावं वाचू लागला. घामाघूम झाला होता बिचारा, मीच त्याला पाणी दिलं. आत्याचं नाव आलं. काकू पदर सावरून पुढे झाली, "मीच ती."

"नाही," मी म्हटलं. "ती वारली. ही आमची काकू."

काकूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. मग तिनं हात जोडले. "चेडू खरा बोलता, सायबानू. खोटा मीच बोललंय. भावोजींनी अर्ज माझ्याकडे दिल्यानी होतो, मीच दाबून ठेवलंय. घरात कोणाक म्हायत नाय."

वडील सरकारी नोकर. इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. "खरं आहे का हे?"

अंगठी, तुरुंग, कायदा, सगळं पाठ होतं मला. वडिलांची नोकरी डोळ्यांपुढे आली आणि मी म्हटलं, "हो."

त्यानं आत्याच्या नावावर रेघ मारली. काकूला म्हणाला, "पुढच्या तपासणीला दिसू नका बाई, मला केस करावी लागेल." माणूस वाईट नव्हता.

संध्याकाळी वडिलांना कळलं, तसे ते खरं सांगायला रेशन ऑफिसात निघाले. काकू दारात आडवी उभी राहिली आणि तिनं त्यांना मुलींची शप्पथ घातली. मला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

आठवड्यानं काकू गावी निघाली. तिची वळकटी घेऊन मी नाक्यापर्यंत गेले आणि तिथे, भर रस्त्यात, मला हुंदका आवरेना. "काकू, माझं चुकलं गं."

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "खरा बोललंस, ता चुकला कसा? पण माका आदी सांगलंस असतंस, तर त्या दिवसापर्यंत मी ह्या घरात ऱ्हवलंयच नसतंय."